गरोदर सुनेने गेलेल्यांची आरास मांडावी का? (सून मेक्सिकोची, घर डिचोलीचं)

वसरीवरून (डिचोली)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे. घरात विचारला की आवाज चढतात, म्हणून इथे विचारते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची सून मेक्सिकोची, वाहाका राज्यातली. मुलगा नोकरीसाठी तिकडे होता, तिथेच जमलं. आता दोघंही इथे गोव्यात, डिचोलीला आमच्याकडेच असतात, तो घरून काम करतो. सुनेला सातवा संपत आलाय, डिसेंबरात मोकळी होईल. पाचव्यात फुलां माळली तेव्हा हिरवी साडी नेसून, आबोलीचे वळेसर माळून पाटावर बसली, गावच्या बायकांनी ओटी भरली, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मला 'मांय' म्हणते. सोलकढी तिला माझ्यापेक्षा बरी जमते, हे मी तिच्यासमोर म्हणत नाही.

आता तिची एक मागणी आहे. तिच्याकडे 1 आणि 2 नोव्हेंबरला मेलेली माणसं घरी येतात असं मानतात. 1 तारीख लहानपणी गेलेल्या मुलांची, 2 तारीख मोठ्यांची. त्यांच्यासाठी घरात पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात, तिला ओफ्रेंदा म्हणतात. तीवर फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला (लांबून येतात, तहानलेले असतात), मीठ, कोपाल नावाचा धूप, गोड पाव आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण. शिवाय झेंडू, तोही टोपल्यांनी. दारापासून आराशीपर्यंत पाकळ्यांची वाट घालायची, त्या वासाच्या मागाने माणसं घर शोधत येतात. मी म्हटलं, अगं हे तर आपल्या म्हाळासारखंच! पान वाढायचं, आवडीचं करायचं, कावळ्याची वाट बघायची. ती हसली.

झेंडू मुळात मेक्सिकोचा, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलंय. मिरची तिकडची, पेरू, चिकू, सीताफळ तिकडची, देवळासमोरचा चाफासुद्धा तिकडचा. पण पहिल्या दसऱ्याला ती आमच्या दाराच्या तोरणाला नाक लावून किती तरी वेळ उभी राहिली, तेव्हा त्या धड्याचा अर्थ मला पहिल्यांदा दिसला.

गेल्या वर्षी 2 नोव्हेंबरला तुळशीचं लग्न आलं होतं. अंगणात ऊस, दिंड्याची काठी, चिंचा-आवळे आणि गावभरची पोरं. आत आपल्या खोलीत तिने एक फोटो आणि एक मेणबत्ती लावली. कुणाला पत्ता नाही लागला, लागला त्यांनी बोलून दाखवलं नाही. यंदा मात्र तिला सगळं रीतसर मांडायचंय, तेही वसरीवर, दारासमोर. कारण फेब्रुवारीत तिची आजी गेली. त्या आजीनेच तिला वाढवलं, आई दुसऱ्या शहरात कामाला असायची. व्हिसाच्या कागदांत अडकल्यामुळे हिला शेवटचं तोंड बघायला जाता आलं नाही. ही इथे रात्री मोबाइलवर मयत बघत होती.

विरोध थोरल्या जाऊबाईंचा. म्हणतात, पोटुशीने मेलेल्यांचं काही करू नये. आमच्याकडे म्हाळाच्या दिवशीही गरोदर बाईला पिंडाच्या भाताकडे फिरकू देत नाहीत, आणि ही तर मेलेल्यांना बोलावून दारात बसवणार! यजमान म्हणतात 'करूं दी', आणि वर्तमानपत्रात डोकं घालतात. मुलगा म्हणतो तू ठरवशील तसं. म्हणजे ठरवायचं कुणी? मी.

शास्त्राचं काय ते जाणकारांनी सांगावं. जागा वसरी बरी की मागची पडवी? आणि एक अडचण अशी की यंदा 2 तारीख सोमवारी येते. आमच्याकडे सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी. आजीला आवडायचं ते मोले, म्हणजे मिरच्या, तीळ, मसाले आणि थोडं चॉकलेट वाटून केलेल्या दाट रसातली कोंबडी. (वास घेतला तर आपल्या शागुतीसारखाच.) सोमवारी वसरीवर कोंबडीचं ताट मांडलं तर जाऊबाई त्याच दिवशी घर सोडतील.

नोव्हेंबर अखेरीला विहीणबाई येतायत बाळंतपणाला. त्यांना इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही आणि स्वयंपाकघर एकच. तो प्रश्न वेगळा, पण कुणाला अनुभव असेल तर तेही लिहा.

सत्तरीकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. एका घरात एक रीत असावी. सून आपल्या घरी आली, तिने आपलं शिकावं. तिच्या आजीला तिच्या देशात तिचे लोक मांडतीलच की. आज आरास, उद्या आणखी काही. मूल मोठं होऊन विचारील आपण कोण, तेव्हा काय सांगणार? आणि गरोदरपणात असले विषय नकोतच. मोठ्यांनी सांगून ठेवलं त्याला काही तरी कारण असेल.

पंचांगवाला (फोंडा)

बाई, भटपण हा माझा अर्ध्या वेळचा धंदा, पण विचारलंत म्हणून सांगतो.

धर्मशास्त्रात गर्भिणीपतीला, म्हणजे गरोदर बाईच्या नवऱ्याला काही गोष्टी वर्ज्य सांगितल्यात: क्षौर, पिंडदान, प्रेतकर्म. लक्षात घ्या, नवऱ्याला. तुमच्या सुनेने फोटोपुढे फुलं ठेवणं, दिवा लावणं, पाणी ठेवणं यांपैकी कशातच बसत नाही. संकल्प नाही, पिंड नाही, तर्पण नाही, तेव्हा हे श्राद्धच नव्हे. जे श्राद्ध नव्हे त्याला श्राद्धाचे नियम लावायचे कशाला? जाऊबाईंना माझं नाव सांगितलंत तरी चालेल. तालुक्यातल्या दुसऱ्या एखाद्या भटजीला विचारतील, तर तोही बहुधा हेच सांगेल, फक्त दक्षिणा घेऊन.

पिंडाच्या भाताला हात लावू न देणं ही तुमची घरची रीत. ती तुम्ही म्हाळात पाळा, कोण नको म्हणतं? तो दिवस वेगळा, हा वेगळा.

जागेबद्दल: देवघरात नको आणि देवघराच्या भिंतीला लागून नको, एवढं पुरे. गेलेल्यांचे फोटो आपण देवांत ठेवत नाही. वसरी उत्तम. पडवीत ढकललंत तर त्या मुलीला तिची आजी मागच्या दाराने आणल्यासारखं वाटेल.

सोमवारचं म्हणाल, तर ते व्रत तुमच्या जिभेचं, पाहुण्याचं नव्हे. तरी घरात भांडण नको असेल तर एवढं करा: 1 तारीख रविवार आहे. मोले रविवारी होऊ दे, सोमवारी ताटात फळं, पाव, गोडधोड राहू दे. तिच्या रीतीत हे बसतं का ते तिलाच विचारा.

सत्तरीकर, तुमच्या घरी नाताळात शेजाऱ्यांकडून कुसवार, म्हणजे नाताळचं गोडधोड, येतो ना? दोदोल खाताना रीत कुठे जाते?

सत्तरीकर

दोदोलात पितर नसतात, भटजी.

वसईकरीण (साळगाव)

मी वसईची कॅथलिक, सासर साळगाव. मराठी शाळेत शिकले, म्हणून इथे वाचत असते.

बाईंनो, 2 नोव्हेंबर हा आमच्याकडेही मृतांचाच दिवस. आठवडाभर आधी कबरी धुतात, गवत काढतात. त्या दिवशी मिस्सा होते, पाद्री कबरींवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात, आणि संध्याकाळी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. झेंडू, शेवंती, जे मिळेल ते घेऊन जातो. मी दोन्ही वेळा पोटुशी असताना गेले, सासूबाईच घेऊन गेल्या. मुलं धडधाकट आहेत, धाकटा तर जरा जास्तच.

तुमची सून कॅथलिक घरातली असणार असं धरून एक सुचवते. आरास घरी मांडा, पण 2 तारखेला तिला जवळच्या चर्चमध्ये मिस्सेला नेऊन आणा. मेलेल्यांसाठी मिस्सेला नावं देता येतात, आजीचं नाव आधी द्या. परक्या देशात आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतलेलं ऐकू आलं की काय होतं ते मला माहीत आहे. माझे वडील वसईत गेले तेव्हा साळगावच्या चर्चमध्ये त्यांचं नाव घेतलं होतं.

आणि एक गोष्ट तिला जरूर सांगा. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला 26 ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवून मारलं. त्यांत आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया होता आणि मेक्सिको शहराचा फेलिपे दे हेसुस होता. दोघेही एकाच टेकडीवर, एकाच सकाळी. 1862 साली दोघांना एकदमच संतपद मिळालं. तो मेक्सिकोचा पहिला संत, हा भारताचा. लहानपणापासून मी गोन्सालोचा सण करत आलेय, पण मेक्सिकोच्या कुणाला भेटून हे सांगायचा योग आला नाही. माझ्या वतीने तुम्ही सांगा.

आता जरा नाजूक. बाळ झालं की विहीणबाई बाप्तिस्म्याचा विषय काढतील. तिकडे बाप्तिस्म्याचे आईबाप म्हणजे नुसता मान नसतो. त्या दिवसापासून मुलाचे आईवडील आणि ते एकमेकांचे कोंपाद्रे-कोमाद्रे होतात, जन्मभराचं नातं. आमच्या गोव्यात त्यालाच कुंपार म्हणतात. तुमच्या घरी बारसं होणार हे तुम्ही धरून चालला असाल. बाप्तिस्मा होणार हे त्या धरून चालल्या असतील. पाळण्याशी उभं राहून हा विषय निघण्यापेक्षा मुलगा-सुनेने आत्ताच काय ते बोलून घ्यावं. मी कुणाची बाजू घेत नाही. आमच्या घरात हा विषय पाळण्याशीच निघाला होता, म्हणून सांगते.

ग्वादालाहारातली गोंयकान्न

बाई, माझं माहेर केपे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मेक्सिकोत ग्वादालाहाराला असते, मुलगी इथेच झाली. थोडं लांब लिहिते.

तुमच्या पोस्टमध्ये म्हाळासारखंच, शागुतीसारखंच, असं परत परत आलंय. मायेने आलंय, कळतं मला. पण त्यावर सून काय करते तेही तुम्हीच लिहिलंय: हसते. इथली माझी शेजारीण चवथीला माझा गणपती बघायला येते आणि म्हणते, हे तर आमच्या नाताळच्या गोठ्यासारखंच. मीही हसते आणि लाडू पुढे करते. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीला, रानातली फळं बांधताना माझे वडील प्रत्येकाचं नाव घ्यायचे, ते तिच्या गोठ्यात नाही. विसर्जनानंतर रिकामा पाट बघून जे होतं, तेही नाही. पण एकदा 'सारखंच' म्हटलं की पुढे काय सांगणार?

म्हणून जे सारखं नाही ते लिहिते. आपण पितरांचं करतो ते त्यांना गती मिळावी म्हणून. तृप्त व्हावं आणि पुढे जावं. मागे घोटाळत राहिलेला जीव म्हणजे आपल्याला धास्ती. इथे वर्षातून एकदा त्यांनी परत यावं हीच सगळी खटपट. आले की त्यांच्याबरोबर बसायचं, खायचं, गायचं. वाहाकाजवळ शोशोकोत्लान म्हणून गाव आहे, तिथल्या दफनभूमीत 31 ऑक्टोबरच्या रात्री लोक कबरीशी मेणबत्त्या लावून जागत बसतात, पोरंबाळं, गाणंबजावणं सगळं घेऊन. आराशीवर मेस्काल नावाच्या दारूचा पेला असतो, आजोबा ओढत असतील तर सिगरेटही असते. युनेस्कोने 2008 साली हा सण मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतला, पण इथल्या बायका युनेस्कोसाठी मांडत नाहीत.

साखरेच्या कवट्याही करतात. त्यांच्या कपाळावर जिवंत माणसाचं नाव घालून भेट देतात, लहान मुलांनाही. माझ्या मुलीला बालवाडीत तिच्या नावाची कवटी मिळाली तेव्हा मी ती फ्रिजमागे लपवून ठेवली होती. उद्या सुनेने हौसेने जाऊबाईंच्या नावाची कवटी करून दिली तर? तिच्या लेखी तो लाड असेल. आधीच सांगून ठेवा, दोघींनाही.

गरोदरपणाबद्दल: पोटुशीने मयताला जाऊ नये, वाईट वारं लागतं, असं म्हणणाऱ्या आज्या इथेही आहेत. पण तो नियम ओफ्रेंदाला लावताना मी कुणाला पाहिलं नाही. आणि जिथे खरोखर जमतं तिथे हसू आवरणार नाही. ग्रहणात इथे गरोदर बाई लाल चड्डी घालते आणि तिला सेफ्टी पिन लावते, नाही तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. मी सातव्यात असताना ग्रहण आलं. फोनवर आई सांगत होती, काही चिरू नकोस, आडवी पड. आणि दारात शेजारीण लाल चड्डी घेऊन उभी. मी दोघींचं ऐकलं.

विहीणबाईंचं. त्या 'क्वारेंतेना' पाळायला लावतील. बाळंतपणानंतरचे 40 दिवस: थंड पाणी नाही, वारा नाही, पोटाला घट्ट पट्टा, कोंबडीचं गरम पातळ काल्दो आणि आतोले. आतोले म्हणजे मक्याच्या पिठाची दालचिनी-गूळ घातलेली पेज, दुधासाठी चांगली म्हणतात. तुमच्याकडे शेक-शेगडी, हळीव, डिंक, कुळथाचं सार असेलच. कोणतं किती द्यायचं यावर भांडू नका, सकाळ एकीची आणि संध्याकाळ दुसरीची असं वाटून घ्या. भाषेची काळजी नको. माझी आई आणि इथली शेजारीण महिनाभर एका ओट्याशी होत्या, एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघी मिळून माझ्याविरुद्ध व्हायच्या.

त्या मनगटाला लाल दोरा बांधतील, नजरेसाठी. बांधू द्या, तुमचे काळे मणी दुसऱ्या हातात. मुलगी झाली तर कान टोचायची घाई दोन्हीकडे सारखीच असेल. मुलाला आडनावं दोन लागतात, सहसा आधी बापाचं आणि मग आईचं. त्यांच्याकडच्या कागदांत बहुधा ते तसंच जाईल. तुमच्या घरच्या पुरुषांनी त्यावर भुवया उंचावू नयेत.

अजून एक तारीख: 10 मे. मेक्सिकोत मातृदिन 1922 पासून त्याच तारखेला, वार कोणताही असो. यंदा योगायोगाने मेचा दुसरा रविवारही 10 लाच आला, पुढच्या वर्षी तो 9 ला आहे. तिच्या आईपणाचा पहिला 10 मे पुढच्याच वर्षी, आणि त्या दिवशी सोमवार. तुम्ही रविवारी शुभेच्छा देऊन मोकळ्या होऊ नका.

वसरीवरून (डिचोली)

इतक्या जणांनी लिहिलंत, आभार. सगळं मुलाकडून सुनेला वाचून दाखवलं. लाल चड्डीवर तिला हसू आवरेना. तिच्या आजीनेही तेच केलं होतं म्हणे, तिच्या आईच्या वेळी.

केप्याच्या बाई, तुमचं वाचल्यावर मी तिला सरळ विचारलं, मी 'सारखंच' म्हणते तेव्हा तुला काय वाटतं? म्हणाली, "बरं वाटतं, मांय. पण मग तुम्ही पुढचं विचारत नाही." म्हणून पुढचं विचारलं. आरास कुणाकुणासाठी, काय कुठे, सगळं. आजीचं ताट, आजोबांचा पेला (मेस्कालऐवजी काजूची फेणी चालेल म्हणाली, आजोबा तक्रार करणार नाहीत). मग तिने मला विचारलं, "1 तारखेला तुमच्याकडून कोण?"

तिला माहीत होतं. मुलाने कधी तरी सांगितलं असणार. मुलाच्या आधी आम्हाला मुलगी झाली होती. बारसं झालं, नाव ठेवलं, तीन-चार महिन्यांची होऊन तापाने गेली. तेव्हा इथून पणजीला न्यायला वेळीच गाडी मिळायची नाही. फोटो काढलेला नाही. एवढ्या लहानांचं म्हाळात पान नसतं, तिथी नसते. तिचं नाव या घरात कुणी घेत नाही. मला त्रास नको म्हणून घेत नसतील, पण घेत नाहीत हे खरं. शाळेत हजेरी घेताना वर्गात त्या नावाची मुलगी असली की मी क्रमांक पुकारायचे.

सून म्हणाली, फोटो नसला तरी चालतो, नाव लिहून ठेवतात. लहान मुलांसाठी दूध, तिखट नसलेलं जेवण, पांढरी फुलं आणि खेळणं. तर आता 1 तारखेला ती पायरी आधी मांडायची ठरली आहे. पंचांगवाले, याला काही हरकत असेल तर आत्ताच सांगा. असली तरी मांडणार आहे, पण सांगा.

जाऊबाई मानल्या नाहीत. त्या दोन दिवस साखळीला लेकीकडे जाणार म्हणतात. जाते म्हणजे जातेच, पण पोरीसाठी काय काय ठेवणार याची मात्र कसून चौकशी झाली. दूध कोमट ठेवा, साखर घालू नका, तिला पचायचं नाही, असं सांगून गेल्या.

जागा वसरीची. मोले रविवारी, सोमवारी फळं आणि पाव. तिच्या रीतीत बसतं, कारण मोठी माणसं 1 तारखेच्या दुपारनंतरच येऊ लागतात म्हणे. धुपाटणं इथल्याच कुंभाराकडून आणलं. कोपाल मात्र कुठे मिळेना. आणि पाव! वाहाकाचा पाव वेगळा असतो, अंड्याच्या बलकाचा, वर पिठाचा रंगवलेला इवला चेहरा लावलेला. आमच्या ओव्हनमध्ये केक नीट होत नाही, तिथे हा कसा व्हायचा?

बाप्तिस्म्याचं दोघांना विचारलं. दोघं एकमेकांकडे बघू लागले, म्हणजे बोलणं व्हायचंय. वसईच्या बाई, बरं झालं लिहिलंत. नागासाकीची गोष्टही सांगितली. फेलिपे तिला माहीत होता, तुमचा गोन्सालो नव्हता. 5 फेब्रुवारीची तारीख तिने फोनमध्ये घालून ठेवली आहे.

पंचांगवाला (फोंडा)

बाई, लहान मुलांसाठी शास्त्राने श्राद्ध सांगितलेलं नाही, त्यामुळे यात मोडण्यासारखंही काही नाही. खुशाल मांडा.

कोपालसाठी मेक्सिकोला जायला नको. आपल्या घाटातल्या धुपाच्या झाडाची राळ व्यापारात इंडियन कोपल म्हणूनच विकली जायची. झाड वेगळं, पण निखाऱ्यावर टाकून बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पूजासाहित्यवाल्याकडे राळ मागा. पुड्यातली सुवासिक पूड नको, खडे मागा.

सत्तरीकर

मुलीचं वाचलं. माझं वरचं मत घरातल्या रीतीबद्दल होतं, ते कायम आहे. पण त्या पायरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाजारात झेंडू स्वस्त हवा असेल तर दसरा होऊन जाऊ दे. दसऱ्याआधी भाव चढतो, मग पडतो, दिवाळीच्या तोंडावर परत चढतो. 31 तारखेला सकाळी घ्या. आमच्या वाड्यावर एकाने लावलाय, हवा तर सांगतो त्याला.

पोदेराचा शेजारी (बार्देश)

पावाचं घरी करू नका. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, लाकडाची भट्टी सकाळचे पाव निघाल्यावर बराच वेळ तापलेली असते, तेव्हा तो बाहेरचं काम घेतो. नाताळात आमच्या वाड्यावरचे लोक बोलींचे (नारळाच्या बिस्किटांचे) ट्रे त्याच्याकडेच देतात. तुमच्या डिचोलीतल्या पोदेराला विचारा, बहुधा नाही म्हणणार नाही.

मी आमच्याकडच्याला विचारून पाहिलं. म्हणाला, बलक, लोणी, साखर जास्त असलेलं पीठ फुगायला वेळ घेतं, तेव्हा शनिवारी सकाळी सामान पोचवा, रात्री मळून ठेवीन, रविवारी पहाटेच्या पावांनंतर भाजीन. बडीशेप की संत्र्याची साल, काय घालायचं ते सुनेला विचारून लिहून द्या. लोणी बिनमिठाचं आणा. पैसे तो आगाऊ घेतो, आणि चेहरे त्याला लावता येणार नाहीत, ते तुमच्या माणसाने येऊन लावायचे. भट्टीपाशी धग फार असते, तेव्हा सुनेला नको, मुलाला पाठवा.